माहितीपर आणि संदर्भ पुस्तकांची पारख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाचा संदर्भ विभाग सांभाळताना सभासद जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. कथा-कादंबऱ्यांचा येथे संबंध नाही. कोश, गॅझेटियर, स्थानिक इतिहास, कायदा, शेती, आरोग्य आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके एवढाच विषय आहे.

पुस्तक सगळे न वाचता ते विश्वासार्ह आहे की नाही, हे कसे ओळखावे?

जी गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक आहे, तिचेच पान आधी उघडावे. बहुतेक वाचक नेमके उलटे करतात. जे ठाऊक नाही ते शोधतात, आणि मग छापलेले खरे की खोटे हे ठरवायला त्यांच्याजवळ काहीच नसते. आपले गाव, आपला धंदा, आपल्या शिवारातले पीक, आपल्याकडची यात्रा यांविषयी पुस्तक काय म्हणते ते पाहावे. जिल्ह्याची माहिती देणाऱ्या पुस्तकात आपला तालुका चुकीच्या जिल्ह्यात टाकलेला असेल किंवा नदी भलत्याच गावावरून वाहत असेल, तर आपल्याला न तपासता येणाऱ्या पानांवरही तोच हात फिरलेला आहे हे समजून चालावे.

मात्र एका चुकीवरून पुस्तक फेकू नये. छपाईची चूक आणि समजुतीची चूक या वेगळ्या असतात. १९४८ ऐवजी १९८४ छापले गेले तर ते जुळाऱ्याचे दुर्लक्ष आहे. परंतु १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आल्याबरोबर मराठवाडा महाराष्ट्रात आला, असे कोणी लिहीत असेल, तर मधली भाषावार प्रांतरचना, १ नोव्हेंबर १९५६ ला झालेले द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० हे सगळेच लेखकाच्या हिशेबातून निसटलेले आहे. पहिली चूक पेन्सिलीने दुरुस्त होते, दुसरी होत नाही.

दोन पुस्तकांत दोन वेगळे आकडे असतील तर खरा कोणता मानावा?

आधी दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का, ते पाहावे. नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, उदाहरण आमच्याकडे दर उन्हाळ्यात निघते. जायकवाडीची क्षमता एका पुस्तकात सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), तर दुसऱ्यात सुमारे ७६ टीएमसी दिलेली आढळते, आणि वाचक वैतागून दोन्ही पुस्तके परत करतो. वास्तविक दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला एकूण साठ्याचा आहे, दुसरा उपयुक्त साठ्याचा. मधला सव्वीस टीएमसीचा फरक म्हणजे मृतसाठा, तळाशी राहणारे, एरवी वापरात न येणारे पाणी. तिसरे एखादे पुस्तक २,९०९ दशलक्ष घनमीटर असे लिहिते, तोही एकूण साठाच आहे, फक्त माप बदलले आहे. अशा वेळी आकड्याबरोबर तो कशाचा आहे आणि कोणत्या मापात आहे हे सांगणारे पुस्तक चांगले समजावे. नुसता आकडा टाकून पुढे जाणारे पुस्तक, आकडा बरोबर असला तरी, संदर्भाच्या कामाचे नाही.

किल्लारीच्या भूकंपाचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख सर्वत्र सारखी मिळते. तीव्रता मात्र कुठे ६.२ तर कुठे ६.४ दिसते, कारण तीव्रता मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. मृतांची संख्या सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेगवेगळी दिली जाते. जो लेखक असा फरक आहे हे मोकळेपणाने नोंदवतो, त्याच्या इतर आकड्यांवर मी अधिक विश्वास ठेवतो. सगळे आकडे एकेक, नेमके आणि निःशंक दिसले की मला थोडी शंका येते.

अचूक पुस्तक निरुपयोगी असू शकते का?

असते, आणि मराठवाड्यातील वाचकाला याचा अनुभव इतरांपेक्षा जास्त येतो.

कूळकायद्यावरील पुस्तके घ्या. बाजारात मिळणारी अनेक पुस्तके १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमावर लिहिलेली असतात. ती नीट लिहिलेली असतात, कलमे बरोबर असतात, कृषकदिन, म्हणजे कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, १ एप्रिल १९५७ हेही बरोबर असते. परंतु तो कायदा पश्चिम महाराष्ट्राचा. मराठवाड्यातील जमिनींना १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू होतो, विदर्भासाठी १९५८ चा तिसराच कायदा आहे, आणि तिन्ही कायद्यांची कलमे एकमेकांशी जुळत नाहीत. मागे एक शेतकरी असे पुस्तक घेऊन, त्यातले कलम वहीत उतरवून, तहसीलला गेले आणि हेलपाटा मारून परत आले. पुस्तकात चूक नव्हती. ते त्यांच्या जमिनीविषयी बोलतच नव्हते. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘महाराष्ट्रातील’ असा शब्द होता आणि कोणत्या विभागाचा कायदा हे प्रस्तावनेच्या चौथ्या पानावर एका वाक्यात उरकले होते. म्हणून कायद्याचे पुस्तक घेताना कोणता अधिनियम, कोणते साल आणि कोणता प्रदेश या तीन गोष्टी अनुक्रमणिकेच्याही आधी शोधाव्यात.

याच्या उलट, काही ठिकाणी चुका असलेले पुस्तकही एका कामापुरते अमोल ठरते. गावोगावच्या बखरवजा आठवणी, शाळांच्या स्मरणिका, सत्याग्रहींनी उतारवयात लिहिलेली आत्मकथने यांत तारखा मागेपुढे झालेल्या असतात. पण हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत सीमेवरच्या कॅम्पात माणसे काय खात होती, निरोप कसे पोचवत होती, हे अन्यत्र कुठेही मिळत नाही. अशा पुस्तकातून तारीख घेऊ नये, दिवस कसा गेला ते घ्यावे.

नवी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक काय?

पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे. सुधारित आवृत्ती म्हणजे मजकूर तपासून बदलणे. मुखपृष्ठावरचे साल पाहू नये. आतल्या पानावर, जिथे प्रकाशक, मुद्रक आणि हक्क यांची माहिती असते, तिथे पाहावे. ‘अकरावी आवृत्ती’ असे ठळक छापलेले असते आणि प्रस्तावना मात्र पहिल्याच आवृत्तीची असते, तेव्हा आत काहीही बदललेले नसण्याची शक्यता फार.

शंका आल्यास बदललेली एखादी गोष्ट शोधून पाहावी. जिल्ह्यांच्या बाबतीत हे सोपे आहे : जालना १९८१ साली, लातूर १९८२ साली आणि हिंगोली १९९९ साली स्वतंत्र जिल्हे झाले. मराठवाड्याचे जिल्हे पाच, सात की आठ सांगितले आहेत, यावरून मजकूर कधी लिहिला गेला हे पुस्तक स्वतःच सांगून टाकते. कायद्यासाठी १ जुलै २०२४ ही तारीख पुरे. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. २०२५ च्या ‘नव्या’ पुस्तकात खुनाचे कलम अजून ३०२ च असेल, तर नवेपण कशात आहे ते प्रकाशकाला विचारावे. तरी दंड संहितेची जुनी पुस्तके आम्ही काढून टाकलेली नाहीत, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो.

वारसाहक्काविषयी विचारणाऱ्या भगिनींना तर मी पुस्तकाचे साल स्वतः दाखवते. हिंदू वारसा कायद्यातील मुलींच्या हक्काची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे २०१८ साली अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेले पुस्तकसुद्धा आज एखाद्या मुलीला तिचा वाटा नाकारू शकते.

‘हैदराबाद गॅझेट’ आपल्याकडे आहे का, आणि ते कितपत प्रमाण मानावे?

अलीकडे हा प्रश्न रोज येतो. आधी शब्द नीट करू. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारचे आदेश आणि अधिसूचना त्यात प्रसिद्ध होतात. गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याचे किंवा संस्थानाचे वर्णन करणारा ग्रंथ : भूगोल, इतिहास, लोक, शेती, व्यापार, गावे. लोक बहुधा दुसऱ्याविषयी विचारत असतात आणि पहिल्याचे नाव घेतात.

गॅझेटियरांतही पिढ्या आहेत. औरंगाबाद जिल्ह्याचे निजामकालीन गॅझेटियर १८८४ चे आहे. संपूर्ण हैदराबाद संस्थानाचा खंड १९०९ चा. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर परभणीचे १९६७, बीडचे १९६९, नांदेडचे १९७१, उस्मानाबादचे १९७२ आणि औरंगाबादचे १९७७ साली प्रसिद्ध झाले. सालांवरूनच कळेल की यांत लातूर शोधायचे तर उस्मानाबादच्या खंडात पाहावे लागते, हिंगोली परभणीच्या खंडात सापडते, आणि आजचा जालना जिल्हा औरंगाबाद व परभणी अशा दोन खंडांत विभागलेला आहे. ‘या पुस्तकात आमचा जिल्हाच नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागते.

प्रमाण किती मानावे? जे त्या काळच्या अधिकाऱ्याने मोजले, म्हणजे जनगणना, पेरा, सारा, बाजारभाव, ते बहुतांशी उपयोगी आहे. जे त्याने ऐकले, म्हणजे जातींच्या उत्पत्तिकथा, गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती आणि ‘या लोकांचा स्वभाव’ यांसारखे शेरे, ते त्या काळच्या समजुतींचा पुरावा म्हणून वाचावे, वस्तुस्थिती म्हणून वाचू नये. आणि कोणत्याही सरकारी कामासाठी आमच्या प्रतीची झेरॉक्स चालत नाही. साक्षांकित उतारा ज्या कार्यालयाकडून मिळतो तिथूनच घ्यावा.

शके, फसली आणि हिजरी सने पुस्तकांत बरोबर बदललेली आहेत का, हे कसे पाहावे?

शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढेच बहुतेकांना माहीत असते. पण शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून पौषातल्या काही दिवसांपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया : १५५१ आणि ७९ मिळून १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. जुन्या पुस्तकांत १६२७ आढळते ते मात्र बेरजेच्या चुकीमुळे नाही. जेधे शकावलीसारखी (जेधे घराण्याकडील तारीखवार जुन्या नोंदींसारखी) साधने पुढे आल्यानंतर अभ्यासकांचे मत बदलले. त्यामुळे १९०० च्या आसपासच्या पुस्तकात १६२७ दिसल्यास लेखकाला दोष देऊ नये. आजच्या पुस्तकात कसलाही खुलासा न करता दिसल्यास द्यावा.

निजामाच्या महसुली कागदांतील फसली सनात ५९० मिळवतात. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने जोडसालच लिहिणे योग्य. हिजरी सनाला अशी एकच ठरावीक बेरीज लागूच पडत नाही, कारण चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. जो लेखक सगळ्या हिजरी सनांत एकच आकडा मिळवतो, त्याचा पूर्ण कालानुक्रम संशयास्पद समजावा.

स्थानिक इतिहासाची आणि देवस्थानांची पुस्तके कशी पारखावीत?

मराठवाड्यात जुने दगडी देऊळ दिसले की पुस्तक ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होते. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवण्याच्या शैलीचे नाव म्हणून हा शब्द चालेल. परंतु त्यावरून ‘म्हणून हे देऊळ हेमाद्रीने बांधले’ असा निष्कर्ष काढणारे पुस्तक मिटावे. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तर याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंबरनाथच्या देवळात शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधी. लेखकाने शिलालेख वाचला आहे की मागच्या लेखकाचे वाक्य उचलले आहे, हे अशा ठिकाणी उघडे पडते.

दुसरी कसोटी मतभेदाची. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा मानला जातो. त्यांचे अंबानगर म्हणजे आपले अंबाजोगाई, की विदर्भातले अंभोरा, हा वाद जुना आहे आणि ग्रंथाच्या काळाविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत. अंबाजोगाईकरांना हे ऐकायला आवडत नाही, मलाही फारसे आवडत नाही. पण चरित्रकोशाने ते नोंदवलेच पाहिजे. जो कोश दुसरी बाजू सांगून मग आपले मत देतो तो ठेवावा. माहात्म्यग्रंथांना मात्र ही कसोटी लावू नये. ते श्रद्धेसाठी लिहिलेले असतात आणि तसे सांगतातही. अडचण येते ती माहात्म्य इतिहासाचा अंगरखा घालून आले म्हणजे.

लेखकाच्या नावापुढील पदवी पाहावी का?

पाहावी, परंतु विषय जुळतो का तेही पाहावे. रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मोडी लिपी वाचायला उपयोगी पडत नाही. पदवी नसलेल्या, पण चाळीस वर्षे गावोगावचे वीरगळ मोजणाऱ्या शिक्षकाची वही मी अधिक मोलाची मानते, त्याने कुठे काय पाहिले हे लिहून ठेवले असेल तर.

आयएसबीएन क्रमांक असलेले पुस्तक प्रमाणित असते का?

नाही. तो क्रमांक पुस्तक ओळखण्यासाठी असतो. २००७ पासून तो तेरा अंकी आहे. मजकूर कोणीही तपासलेला नसतो.

शेतीच्या पुस्तकांविषयी काय काळजी घ्यावी?

इथे चूक झाली तर हंगाम जातो, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

पहिले, औषधांची पाने पाहावीत. एन्डोसल्फान या कीटकनाशकाची शिफारस करणारे पुस्तक मे २०११ पूर्वीचे आहे, किंवा त्यानंतर न वाचता छापलेले आहे, कारण तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. दुसरे, कापसाचे पान. बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांतील पुस्तके ‘आता बोंडअळीची चिंता नाही’ अशा सुरात लिहिलेली आहेत. गुलाबी बोंडअळीने ती चिंता परत आणली आहे. हा सूर ज्यात आहे ते पुस्तक इतिहास म्हणून वाचावे.

तिसरे, जमीन आणि पाऊस कोणता गृहीत धरला आहे ते पाहावे. बारमाही पाण्यावरचे वेळापत्रक आमच्या कोरडवाहू काळ्या रानात अचूक असूनही निकामी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची दैनंदिनी आणि पुस्तिका यासाठीच आम्ही दरवर्षी घेतो : त्यांच्या शिफारशी याच विभागाच्या जमिनीवर तपासलेल्या असतात आणि वाण कोणत्या साली प्रसारित झाला हेही दिलेले असते. एका शेतकऱ्याने एकरी विक्रमी उत्पादन घेतल्याची यशोगाथा वाचायला चांगली. परंतु त्याचे पाणी, त्याची माती आणि त्याचा खर्च ही तीन पाने त्यात बहुधा नसतात.

आरोग्याची पुस्तके?

‘हमखास’, ‘कायमचा’ आणि ‘कोणताही दुष्परिणाम नाही’ हे शब्द जितके जास्त, तितके पुस्तक कमी कामाचे. डॉक्टरांकडे केव्हा जावे हे जे पुस्तक सांगत नाही, ते घरात ठेवू नये.

स्पर्धा परीक्षेसाठी कोणते मार्गदर्शक घ्यावे?

नाव सांगत नाही, रीत सांगते. आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मागील प्रश्नपत्रिका आणि त्यांची अंतिम उत्तरतालिका घ्यावी, आणि मार्गदर्शकातील दहा उत्तरे तिच्याशी ताडून पाहावीत. पहिली उत्तरतालिका हरकतींनंतर बदलते. घाईने छापलेल्या मार्गदर्शकांत पहिलीच राहून जाते. आणखी एक : ‘गोदावरीची लांबी’ विचारली असता १,४६५ किलोमीटर ही संपूर्ण नदीची, आणि महाराष्ट्रातील लांबी ६६८ किलोमीटर. हा भेद न करणाऱ्या प्रश्नसंचात इतरत्रही असाच घोटाळा असतो. एकाच प्रकाशनाची पाच पुस्तके घेऊन ताडणी केली असे समजणारे विद्यार्थी बरेच आहेत. पाचही पुस्तकांत तोच मजकूर असतो, आणि चूकही तीच.

शब्दकोश आणि विश्वकोश जुने झाले की काढून टाकावेत का?

शब्दकोश नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शेतीच्या अवजारांचे आणि मोडून पडलेल्या व्यवहारांचे जे शब्द आहेत, ते नंतरच्या सुटसुटीत कोशांनी गाळले. कोश पारखताना ‘प्रेम’ आणि ‘सूर्य’ पाहू नये. तिफण, चाडे, वखर, सेतवार असे आपल्याकडचे शब्द पाहावेत. ते नसतील तर कोश चुकीचा ठरत नाही, आपल्यासाठी अपुरा ठरतो.

विश्वकोशाचे उत्तर वेगळे आहे. केतकरांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकातला. आज तो त्या काळी मराठी माणसाला काय माहीत होते हे पाहण्यासाठी उघडावा. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. म्हणजे एकाच संचात चाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि ‘अ’ची नोंद ‘ह’च्या नोंदीहून एका पिढीने जुनी असू शकते. लोकसंख्या, तंत्रज्ञान, देशांच्या सीमा यांसाठी खंडाचे साल पाहिल्याशिवाय उतारा घेऊ नये. तत्त्वज्ञान, संगीत, व्याकरण यांच्या नोंदी अजूनही उत्तम आहेत.

पुस्तकातली चूक सापडली तर वाचकाने काय करावे?

पानावर शाईने दुरुस्ती करू नये. आमच्या एका जिल्हावर्णनात एका सभासदाने शाईने खोडून साल बदलले, दुसऱ्याने ते खोडून पहिलेच लिहिले, आणि आता छापील साल कोणते होते हे कोणालाच वाचता येत नाही. काउंटरवर कोरी चिठ्ठी मिळते. तिच्यावर पान क्रमांक, छापलेला मजकूर, बरोबर मजकूर आणि तो कुठे पाहिला हे लिहून द्यावे. शेवटचा रकाना रिकामा असलेली चिठ्ठी आम्ही स्वीकारत नाही. पडताळून झाल्यावर ती मलपृष्ठाच्या आत चिकटवतो आणि तिची एक प्रत प्रकाशकाला पाठवतो. आतापर्यंत तिघांनी उत्तर दिले, आणि एकाने पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र जोडले. त्या शुद्धिपत्रातही एक चूक होती, तिची चिठ्ठी सध्या टेबलावर आहे.